शेजारची मोकळी जागा

शनिवार, रात्र

पाय ठणकतायत, पण आत्ताच लिहून ठेवतो. उद्या म्हटलं की राहिलंच.

सकाळी नागोयाहून किन्तेत्सु रेल्वेच्या गाडीने इसेच्या देवस्थानाला गेलो. दीड तासाची वाट, आणि नागोयात चार वर्षं काढूनही जाणं झालं नव्हतं. गाईड म्हणून ठरवलेले आजोबा स्टेशनबाहेर उभेच होते. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर कापडी टोपी, काखेत प्लास्टिकच्या कप्प्यांची फाईल. माझी जपानी ऑफिसपुरती आहे हे कळल्यावर सावकाश, तोडून तोडून बोलायला लागले. पहिलीच सूचना: आधी गेकू, मग नाइकू. उलटं करायचं नाही.

नाइकू म्हणजे सूर्यदेवी आमातेरासूचं देऊळ. गेकू तिच्या जेवणाखाणाचं बघणाऱ्या तोयोउकेचं. गेकूत रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचं, नाइकूत उजव्या. मधून कोणीच नाही, ती देवाची वाट. गेकूत रोज सकाळ-संध्याकाळ नैवेद्य असतो, आणि त्याचा अग्नी लाकडावर लाकूड घुसळूनच पाडतात. नैवेद्यात भात, मीठ, पाणी, भाजी, फळं, साके आणि मासे. माशांचं ऐकून मी हसलो, तर आजोबांना वाटलं माझी चेष्टा चाललीय. मग सांगितलं, आमच्या गावी राखणदाराला कोंबडा लागतो. ते थांबले, वळले आणि कमरेत वाकले. कोंबड्याला की राखणदाराला, कळलं नाही.

देवळाच्या लगत तेवढ्याच मापाची एक मोकळी जागा आहे. नुसते दगडगोटे अंथरलेले आणि मध्ये एक खोपटं, कुत्र्याच्या घराएवढं. मला वाटलं काहीतरी पाडलंय. पाडलंयच, पण २०१३ नंतर. दर वीस वर्षांनी देऊळ शेजारच्या जागेत नव्याने उभं करायचं, देवाला तिकडे न्यायचं आणि जुनं उतरवायचं. ६९० सालापासून हे चाललंय. २०१३ ची खेप बासष्टावी, पुढची २०३३ ला. तेराशे वर्षांत बासष्ट, म्हणजे हिशेब तुटतो. विचारलं तर आजोबांनी आढेवेढे घेतले नाहीत. यादवीच्या काळात मुख्य देवळांचं काम शंभरावर वर्षं बंद पडलं होतं, म्हणाले, आणि १९४९ चं युद्धामुळे १९५३ वर गेलं. मला बरं वाटलं. ‘अखंड परंपरा’ म्हटलं की मी जरा सावध होतो.

खांबांना पाया नाही, जोतं नाही. हिनोकीचे, म्हणजे जपानी सायप्रसचे, सोट सरळ जमिनीत पुरलेले, वर गवताचं छप्पर. कुजणारच. या देशाला दगड रचता येत नाही असं थोडंच आहे, किल्ल्यांचे तट बघावेत. देऊळ मात्र कुजणारंच ठेवलंय. आणि एका खेपेला झाडं लागतात दहा हजारांच्या घरात.

ती कुठून येतात, हे ऐकताना नाइकूतलं निम्मं बघायचं राहिलं. इसुझू नदीच्या काठी, हात धुवायला पायऱ्या उतरतात तिथेच आम्ही बसलो आणि फाईल उघडली. देवस्थानचं जंगल साडेपाच हजार हेक्टर, पण मोठी झाडं त्यांनी शेकडो वर्षांपूर्वीच संपवली. मग लाकूड लांबून, किसोच्या डोंगरांतून यायला लागलं. त्यात यात्रेकरूंच्या चुलींनी उरलंसुरलं रान खाल्लं, नदीला पूर यायला लागले. शेवटी १९२३ साली त्यांनी दोनशे वर्षांचा आराखडा केला आणि हिनोकी लावायला घेतली. २०१३ च्या देवळात सुमारे पाव लाकूड घरच्या रानातलं होतं. फोटोत एका खोडाला रंगाचे दोन पट्टे होते. “हा मोठ्या खांबासाठी राखलेला. अजून शंभर वर्षं हात लावायचा नाही,” आजोबा म्हणाले, शेजारच्या पोराचं दहावीचं वर्ष सांगावं तसं.

पुढचा फोटो २०२५ च्या जूनमधला, किसोचा. २०३३ साठीचं पहिलं झाड. करवत नाही, कुऱ्हाडीच. तीन बाजूंनी आत शिरत जातात, मधला गाभा पोकळ होतो आणि झाड तीन पायांवर उभं राहतं. मग ‘एक झोपतंय’ अशा अर्थाची आरोळी देऊन शेवटचा पाय तोडतात. पडल्यावर त्याच झाडाचा शेंडा आणून बुंध्यात खोचतात. फोटोत तो बुंधा परातीएवढा, आणि मधोमध हिरवी फांदी.

इथे मला आमच्या गावच्या देवाची राई आठवली. म्हणजे, होती ती. किंजळ, ऐन, सातवीण, माणसाच्या मांडीएवढा गारंबीचा वेल. वाळकी काटकी घरी आणायची नाही. देवळाचा वासा बदलायचा असला तर गुरवाने कळे लावायचे, देवाने कौल दिला तरच एक झाड. सहा वर्षांपूर्वी जीर्णोद्धार निघाला. स्लॅब, टाइल्स, स्टीलचं रेलिंग. पैसे कमी पडले तेव्हा राईतली झाडं व्यापाऱ्याला दिली. कौल घेतला म्हणतात. मी इथून पंचवीस हजार पाठवले, संगमरवरी पाटीवर माझं नाव आहे, वरून सातवं. पाटीचा फोटो मी ऑफिसात दाखवलासुद्धा होता.

स्लॅबला वासा लागत नाही. वासा लागत नाही म्हटल्यावर राई कशाला राखायची, हे कोणी बोललं नसेल, पण झालं तेच. आजोबांना यातलं काही सांगितलं नाही. तेवढी जपानी येत नाही, असं मनाशी म्हटलं. येते.

परतताना नाइकूसमोरच्या उजी पुलावर आजोबांनी तोरीच्या, म्हणजे देवळाच्या लाकडी कमानीच्या, खांबावर हात ठेवला. पुलाच्या दोन टोकांना दोन तोरी, दोन्ही जुन्या देवळांच्या आढ्याच्या खांबांच्या. वीस वर्षं देवळात, वीस इथे, मग तिसऱ्या गावी तोरी म्हणून आणखी वीस. बाकीचं लाकूड देशभरच्या देवळांना वाटतात. खांब हाताला गुळगुळीत लागला, तेलकट नाही. आत वाटेवरच्या मोठ्या सुगी झाडांना बांबूच्या कामट्या बांधल्यात, लोक हात लावून लावून साल झिजवतात म्हणून. इथे काही बांधलेलं नव्हतं.

बाहेर आकाफुकुचे मोची खाल्ले, भातगोळ्यावर लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण. आजोबांनी तीन संपवले, मी दोन.

आत्ता बाबांना फोन केला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर विचारलं, जुन्या देवळाचे खांब कुठे गेले?

“खांब? कुठले खांब?”

“सभामंडपाचे. लाकडी.”

थोडा वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला. “दोन गुरवाच्या पडवीला आहेत. बाकीचे… त्या वर्षी होळी मोठी झाली होती बघ.”

“कसले होते, किंजळीचे?”

“आईला विचार,” बाबा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.