कडक ट्रे म्हणजे दात लवकर सरकणार असं काही नसतं

ऑफिसात आता तिघं-चौघं अलायनरवाले, म्हणजे दात सरळ करायला पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे घालणारे, झालेत आणि डबे उघडायच्या आधी ट्रे काढता काढता विषय हमखास एकच, माझं प्लास्टिक जास्त कडक आहे म्हणजे माझे दात आधी सरळ होणार. मी थर्मोफॉर्मिंगमधला, म्हणजे प्लास्टिकची शीट गरम करून साच्यावर ओढण्याच्या धंद्यातला माणूस, भोसरीत पॅकिंगचे ट्रे बनवण्यात आयुष्य चाललंय आणि सध्या तोंडातही तेच आहे, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आधी जाडीचं बघू. अलायनरची शीट साधारण 0.5 ते 1 मिमी, बऱ्याचदा 0.75 ची असते. आता 0.5 आणि 0.75 मधला फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे सपाट पट्टी धरली तर सव्वातीन पटीच्याही वर. ट्रे काही सपाट पट्टी नसतो हे मान्य, पण अंदाज येतो. शिवाय शीट गरम करून दातांच्या मॉडेलवर ओढली की ती ताणते आणि सगळीकडे सारखी ताणत नाही. जुना ट्रे उजेडात तिरका धरून बघा, मॉडेलला आधी चिकटलेला भाग जाड राहतो आणि शेवटी ओढला गेलेला पातळ झालेला असतो, हे आमच्या ब्लिस्टर पॅकिंगमध्येही रोजचंच रडगाणं आहे. म्हणजे डब्यावर 0.75 लिहिलंय म्हणून हिरडीजवळच्या कडेला तेवढंच आहे असं समजू नका.

मी आमच्या डॉक्टर मॅडमना विचारलंच होतं की 1 मिमीची घ्या ना सरळ, काम लवकर होईल. त्या हसल्या, म्हणाल्या, "घेऊ की, पण मग तुम्हाला ती बसवताही येणार नाही आणि काढताही येणार नाही. आणि दात काय खिळा आहे का हो ठोकायला?" मुद्दा असा की दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जेमतेम 0.2 मिमीच्या आसपास, आणि एका ट्रेमध्ये दात सरकवायचा असतो साधारण 0.25 मिमी. जोर जास्त झाला की तो थर चेपतो, तिथला रक्तपुरवठा बंद पडतो आणि शरीर ती मेलेली जागा साफ करेपर्यंत दात हलतच नाही. म्हणजे जोर वाढवून उलट वेळच जातो.

आणि कडक प्लास्टिकचा जोर टिकतही नाही. नवा ट्रे पहिल्या रात्री ठणकतो आणि दुसऱ्या दिवशी गप्प होतो, त्यात दात हलल्याचा भाग असतोच पण प्लास्टिकही सैलावलेलं असतं. ताणून धरलेलं प्लास्टिक हळूहळू ढिलं पडतं, आणि तोंडात तर 37 डिग्री आणि कायम ओलं. म्हणूनच कंपन्या नुसत्या कडकपणामागे लागत नाहीत. इन्व्हिसलाइन या अलायनरच्या ब्रँडने 2013 मध्ये आपलं जुनं मटेरियल सोडून जास्त लवचिक स्मार्टट्रॅक आणलं, आणि काही शीटमध्ये वरखाली कडक पॉलिएस्टर आणि मध्ये मऊ पॉलियुरेथेन असा थर असतो, ज्याने जोर थोडा कमी पण जास्त वेळ मिळतो.

पण मला विचाराल तर मटेरियलपेक्षा डिझाइन जास्त बोलतं. सुळा घ्या किंवा त्याच्या मागची छोटी दाढ, गोलसर दात, त्याला जागेवर फिरवायचं म्हणजे तेलकट हातांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडण्यासारखं, प्लास्टिक कितीही कडक असो ते घसरणारच. म्हणून दातावर कॉम्पोझिटचे, म्हणजे दातात भरतात त्या दाताच्या रंगाच्या फिलिंगचे, ते उंचवटे लावतात, अटॅचमेंट, त्याच्या सपाट बाजूवर ट्रेला ढकलता येतं. दात खाली ओढायचा असेल तरी तेच, धरायला काही नसेल तर ट्रे नुसता दातावरून निसटतो. माझ्या सुळ्यावरचा एक उंचवटा काही दिवस गायब होता आणि तेवढ्यात ट्रेच्या टोकाशी फट दिसायला लागली, बाकी सगळे दात व्यवस्थित बसलेले.

दुसरी भानगड मुळाची. ट्रे धरतो फक्त दाताचा वरचा भाग, मूळ हाडात, त्यामुळे ढकललं की दात आधी कलतो. सरळच्या सरळ सरकवायचा तर हिरडीजवळही पक्का जोर हवा आणि नेमकी तीच कड सगळ्यात लवचिक, ती उघडते आणि सोडून देते. इथे मात्र कडकपणा कामाला येतो, पण तो शीट बदलून आणण्यापेक्षा कड कुठे कापली यावरून जास्त येतो. हिरडीच्या वळणावळणाने कापलेला ट्रे दिसायला छान, पण हिरडीवर दोनेक मिमी चढेल असा सरळ रेषेत कापलेला पकडीला जास्त घट्ट. दात काढून जागा बंद करायची असेल तर लांब ट्रे मध्ये वाकतो आणि पुढचे दात आत कलतात, मागच्या दाढा पुढे झुकतात, तिथे डॉक्टरला प्लॅनमध्येच उलटी भरपाई टाकावी लागते.

तरी सुरुवातीला डॉक्टर प्लॅन म्हणून स्क्रीनवर दाखवतात ते सगळं होत नाही. इन्व्हिसलाइनवरच 2009 च्या एका अभ्यासात ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी 41 टक्के झालेली मोजली, 2020 मध्ये परत मोजलं तर 50. म्हणून पहिला सेट संपल्यावर "अजून थोडे ट्रे लागतील" म्हणाले तर लगेच फसवलं म्हणून बोंबलू नका.

आता शीट न ओढता थेट थ्रीडी प्रिंट केलेले अलायनरही आलेत, कोरियाच्या ग्राफी कंपनीचं रेझिन, म्हणजे प्रिंटरमधलं पातळ प्लास्टिक, त्यात बरंच चर्चेत असतं. त्यात हवं तिथे जाड हवं तिथे पातळ करता येतं, आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा हेवाच वाटतो, फक्त ते रेझिन प्रिंटनंतर नीट क्युअर केलंय का, म्हणजे प्रकाशात पूर्ण पक्कं केलंय का, हे क्लिनिकला आवर्जून विचारा.