मानेवरचा हिरवा डाग

डभोई तालुक्यातील वढवाणा तलावावर पट्टकादंबांचे (बार-हेडेड गूज) थवे टिपायचे असतील, तर बडोद्याहून अंधारातच निघावे लागते. हे हंस रात्री आसपासच्या शेतांत चरतात आणि उजाडताना विश्रांतीसाठी पाण्यावर परततात. छायाचित्रकाराला मिळतो तो या परतीचा थोडासा वेळ. सूर्य जरा वर आला की पाण्यावरची आणि बांधावरची हवा तापून थरथरू लागते, आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून अशा हवेतून घेतलेल्या चित्रात पिसांची कड इतकी विरघळून जाते, की पुढे संगणकावर कितीही खटपट केली तरी ती परत मिळत नाही. काळोखी उजळता येते, रंगाचा तोल सावरता येतो, पण हवेच्या कंपाने नेलेला तपशील गेलाच.

गेल्या हिवाळ्यातील ज्या सकाळीविषयी लिहीत आहे, त्या सकाळी आम्ही तेथे एका कामासाठी गेलो होतो. रावपुऱ्यातील एका ज्येष्ठ डॉक्टरांना, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, दवाखान्यातल्या प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर सहा फूट रुंदीचे छायाचित्र लावायचे होते आणि ते वढवाण्याचेच हवे होते. बडोदा संस्थानाने १९१० मध्ये सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला, तरी शहरातील पुष्कळ लोकांनी तो अजून पाहिलेला नाही, ही त्यांची खंत होती.

थवा उडत असताना मी कॅमेरा मॅन्युअलवर ठेवतो, म्हणजे प्रकाश किती घ्यायचा ते स्वतः ठरवतो. पक्ष्यांवर पडणारा प्रकाश त्या काही क्षणांत बदलत नाही. बदलते ती पार्श्वभूमी. हंस उजळ आकाशावर असतात तेव्हा कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप आकाशाला भुलून त्यांना काळे करते, आणि तेच हंस झाडांच्या गडद रांगेपुढून उतरू लागले की ते मोजमाप उलट दिशेला झुकते व त्यांची पांढरी डोकी जळून जातात. जळलेल्या पांढऱ्यात सावरण्यासारखे काहीच उरत नाही, म्हणून मी प्रकाश डोक्यांच्या पांढऱ्या रंगावर बेतला आणि अंगाचा राखाडी रंग थोडा काळपट राहू दिला. सेकंदाचा अडीच हजारावा भाग, एफ ८, आणि फोकस थव्याच्या पुढच्या पक्ष्यांवर. एक मोठा थवा आमच्या डोक्यावरून तिरका वळून पाण्याकडे उतरला, आणि त्या वळणावर उगवतीचे ऊन प्रत्येक पंखाच्या खालच्या बाजूला लागले. हवे ते चित्र मिळाले, हे मला तेव्हाच कळले होते.

दुपारी स्टुडिओत रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल, उघडल्या. थव्याच्या चित्रांत पहिली निवड तीक्ष्णतेची नसून अंतराची असते: पंखांवर पंख न चढलेले, प्रत्येक पक्षी स्वतंत्र दिसणारे चित्र आधी शोधायचे. त्यानंतरचे काम तसे साधे होते. पहाटेचा पिवळसर रंग मी पुसला नाही, कारण तो त्या वेळेचाच होता. धुके कमी करणारी पट्टी अगदी थोडी सरकवली, कारण ती जास्त ओढली की आकाशात डाग उमटतात आणि पक्ष्यांभोवती उजळ कडा येते. राखाडी भाग मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, उजळला.

धूळ आणि डाग पुसण्याचे काम माझी तरुण सहकारी करते. लग्नाच्या चित्रांवर तिचा हात बसलेला आहे. ती चित्र शंभर टक्के मोठे करून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होती, मध्येच थांबली आणि म्हणाली, “दादा, या एका पक्ष्याच्या मानेवर हिरवा डाग आहे. पुसू का?”

पट्टकादंबाच्या गडद मानेवर बाजूने एक पांढरी पट्टी उभी उतरते. या पक्ष्याची पट्टी मध्येच तुटलेली होती आणि त्या जागी हिरवे कडे होते. तो डाग नव्हता, ती कॉलर होती. मंगोलियात अभ्यासकांनी पट्टकादंबांच्या मानेत अक्षरे व अंक कोरलेल्या अशा प्लास्टिकच्या कॉलर घातलेल्या आहेत, म्हणजे पक्षी पुन्हा न पकडता दुर्बिणीतूनही त्याची ओळख पटते. हा हंस मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तान अशा मध्य आशियाई प्रदेशांत वीण करतो आणि हिवाळ्यासाठी हिमालय ओलांडून भारतात उतरतो. या प्रवासात तो ७,००० मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद आहे. असा एक पक्षी आमच्या पडद्यावर होता आणि क्लोनच्या, म्हणजे शेजारचा भाग वर चढवून डाग झाकणाऱ्या साधनाच्या, एका फटकाऱ्याने त्याची ओळख नाहीशी झाली असती. तिने विचारले, याचे मला आजही फार मोल वाटते.

मग आम्ही कॉलरवरची अक्षरे वाचायला बसलो. एवढ्या लहान जागेत नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, बराच होता, म्हणून तिने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे, चित्र स्वच्छ करणारे सॉफ्टवेअर लावून पाहिले. मधला अंक एकदम ठळक ८ झाला. त्याच थव्याच्या पुढच्या फ्रेमवर तीच क्रिया केली, तर तेथे तितकाच ठळक ३ उमटला. या साधनांचे काम असे चालते: असंख्य चित्रांवरून शिकलेल्या नमुन्यांतून ती सर्वांत संभाव्य आकार रचतात. पिसांच्या पोताला ते बहुधा चालून जाते, पण अंकाला चालत नाही, कारण तिथे जवळपास बरोबर असे काही नसते. आम्ही ती सगळी रूपे बाजूला ठेवली आणि मूळ रॉ फाइल एकापाठोपाठ एक लावल्या. पक्षी वळत असताना कॉलरची वेगवेगळी बाजू दिसत होती. केवळ प्रकाश व कॉन्ट्रास्ट बदलून पहिले अक्षर आणि शेवटचा अंक निःशंकपणे वाचता आला. मधला राहिला.

संध्याकाळी काकांना चित्र दाखवले. त्यांनाही तो हिरवा ठिपका खटकला. मग कारण समजल्यावर त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि बराच वेळ तो एकच पक्षी पाहिला. “हा राहू दे,” ते म्हणाले, “आणि खाली दोन ओळी लिहून दे, म्हणजे बसलेली माणसे शोधतील.” त्या ओळी मी मराठीत व गुजरातीत लिहून दिल्या.

कॉलर घातलेल्या त्या पक्ष्याची नोंद अभ्यासकांना पाठवताना भिंतीवरचे सजवलेले चित्र आम्ही दिले नाही. न छेडलेल्या तीन फ्रेम, ठिकाण, तारीख, वेळ आणि थव्याचा अंदाजे आकार दिला, आणि कॉलरवरच्या संकेतापुढे लिहिले: पहिले अक्षर व शेवटचा अंक निश्चित, मधला अंक ३ किंवा ८.