नळयोजना तपासताना: आमचा कम्युनिटी प्रोजेक्ट

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला दोन क्रेडिटचा कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट होता. बरेच गट झाडं लावून, बॅनरसकट फोटो काढून मोकळे होतात. आमच्या गाइड मॅडमनी मात्र विषय ठरवूनच दिला: भोर तालुक्यातल्या एका गावाची नळयोजना तपासायची. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राच्या मदतीने 2016 मध्ये राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं. त्यात इंजिनिअरिंगची मुलं अशा तपासण्या करतात, तोच धडा आम्ही गिरवला.

पहिलं काम कागदाचं. कॉलेजचं पत्र ग्रामपंचायतीत द्या आणि त्यावर आवक नंबर पाडून घ्या. त्याशिवाय दप्तर उघडत नाही, आणि ते बरोबरच आहे म्हणा.

दप्तरात सगळं ठाकठीक होतं. लोकसंख्या 900 च्या आसपास, टाकी 50 हजार लिटरची, रोज एकदा भरते. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला 55 लिटर. 900 गुणिले 55 म्हणजे 49,500. योजना पास! तरी वरच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन विहिरीवर दिसत होत्याच.

मग आम्ही 15 लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन घरोघरी फिरलो. टाकीच्या पायथ्याच्या आळीत बादली 50 सेकंदांत भरली. वरच्या वाडीत पाच मिनिटं लागली, तीही एका घरात नळाला लावलेला टुल्लू पंप बंद करायला लावल्यावर. पाणी अर्धा तासच असतं. पाच माणसांचं घर धरलं तर खाली माणशी शंभराच्या वर लिटर आणि वर 20 सुद्धा नाही. सरासरी बरोबर 55 च्या जवळपास, म्हणून कागदावर काही दिसत नव्हतं.

कारण शोधायला लॅबमधला डम्पी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची-सखलता मोजायचं यंत्र, नेला. टाकीचा तळ खालच्या आळीपेक्षा 14 मीटर उंच, पण वरच्या वाडीपेक्षा जेमतेम 4 मीटर. खालचे सगळे नळ एकदम सुरू झाले की मुख्य पाइपातल्या घर्षणातच तो 4 मीटरचा दाब संपतो. घर्षणात किती दाब जातो ते काढायचं हेझन-विल्यम्सचं सूत्र परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, ते इथे पहिल्यांदा कामाला आलं. ‘ईपानेट’ हे पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्यात जाळं मांडून खालचा व्हॉल्व्ह बंद केला, तर वाडीचा दाब लगेच वाढला.

हे आम्ही मोठ्या उत्साहात पाणी सोडणाऱ्या मामांना सांगितलं. त्यांनी व्हॉल्व्हची चावी खांद्यावरून उतरवली. “पोरांनो, खालचा साडेतीन आटे आवळला की वर पाणी चढतं. मला ठाऊक आहे. पण आवळला की लोक माझ्या दारात येतात.”

आमच्या सगळ्या आकडेमोडीचं उत्तर त्यांच्या हातात आधीच होतं. त्यांच्याजवळ नव्हता तो दाखवायला कागद. म्हणून अहवाल मराठीत लिहिला, पहिल्याच पानावर घरनिहाय बादलीचे सेकंद टाकले आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवले. खालच्या आळीतले एक काका तावातावाने उठले, पण वरच्या वाडीचे आकडे ऐकून “बरं, एक दिवस आड करा” म्हणाले. आधी वर, मग खाली, असं वेळापत्रक ठरलं. एक दिवस आड नाही, रोजच; फक्त खालच्यांची वेळ अर्ध्यावर आली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, “यात तुमचं इनोव्हेशन काय? सेन्सर वगैरे?” रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण देण्याच्या तक्त्यात, त्याला दहा गुण होते. ते आम्हाला पूर्ण मिळाले नाहीत. माझ्या मते तो रकानाच काढून टाकायला हवा. त्याच्यामुळे मुलं गावात जाण्याआधीच सेन्सर जोडायचा आर्डुइनो बोर्ड विकत घेतात.

पुढच्या वर्षी कोणी हा विषय घेणार असेल तर मोजमाप एप्रिल-मेमध्ये करा. पावसाळ्यात विहिरी भरलेल्या असतात, नळाकडे कोणी फारसं बघत नाही, आणि आकडे गोड येतात.