चिंगी उतरायला शिकली

चिंगी ही आमची कॉकॅटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. आधीच्या घरातून आली तेव्हा तिच्या दोन्ही पंखांची मोठी पिसं कापलेली होती. पुढे पीसगळ होऊन नवी पिसं आली, तरी बाई घरभर चालतच फिरायच्या. दचकली की मात्र झेप घ्यायची आणि थेट भिंतीवर आदळायची. पिल्लूपणी पंख कापले की वळणं, वेग आवरणं, उतरणं शिकायचं राहूनच जातं. पिसं परत आली म्हणून ते आपसूक येत नाही.

पशुवैद्यांनी पंख उघडून पाहिले. काही पिसं अजून वाढत होती. अशा पिसाच्या नळीत रक्त असतं, मोडलं तर ते वाहतं. म्हणून पिसं पक्की होईपर्यंत थांबलो.

मग हॉल तयार केला. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली, कारण घरात येणारा प्रत्येक माणूस सवयीने पंखा लावतो. आरशावर चादर, खिडक्यांना जाळी. स्वयंपाकघराचं दार बंद. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनेही पक्षी दगावतात.

दोन खुर्च्यांच्या पाठींना सुतळी गुंडाळली, म्हणजे नख्या घसरत नाहीत. पलीकडे राळ्याचं कणीस धरायचं. आधी तिच्या एका पावलाचं अंतर, मग वीतभर, मग हातभर. ती मान लांबवायची, पुढे झुकायची आणि परत फिरायची. फिरू दिलं. हातावरून उडवून द्या म्हणजे शिकेल, असं सांगणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. त्यातून पक्षी आपल्या हातालाच घाबरायला लागतो. चोच उघडून धापा टाकायला लागली की त्या दिवसापुरतं बंद.

वर जाणं लवकर जमलं. खरा प्रश्न उतरण्याचा. पडद्याच्या दांडीवर बसून ती हाका मारत राहायची. आई कळवळून म्हणायची, "अगं, स्टूल घे आणि काढ तिला!" पण दरवेळी उचलून आणलं असतं तर ती उतरली कधी असती? दांडीच्या जरा खाली उंच स्टँड ठेवला, त्याच्या खाली खुर्ची. मी शीळ घालायची, ती उत्तर द्यायची आणि एकेक टप्पा खाली यायची. शेपटी पसरून पहिल्यांदा तिने स्वतःचा वेग आवरला, तेव्हा आईने टाळ्याच वाजवल्या.

आता दांडीवरून सरळ माझ्या खांद्यावर येते. उजवीकडे वळणं अजून कच्चं आहे, म्हणून स्टँड सध्या पॅसेजच्या तोंडाशी हलवलाय.