गांडूळ मागितलं होतं

रविवार पेठेतल्या आमच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात ट्राउटचं गिऱ्हाईक वर्षाला पाच-सहा. बाकी सगळा धंदा मरळ, रोहू, कटला आणि चिलापीवर चालतो. उजनीला जाणारे शुक्रवारी संध्याकाळी रबरी बेडूक न्यायला येतात, पानशेतवाले पिठात घालायचा इसेन्स विचारतात. नदीकाठचे भोई वडिलांच्या काळापासून गळ शेकड्याने नेतात आणि वहीत लिहायला लावतात. ट्राउट आपल्याकडच्या धरणात जगायचा नाही. त्याला बारा-पंधरा डिग्रीचं वाहतं पाणी लागतं. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते आणि तो गुदमरतो. त्यामुळे कुणी ‘ट्राउटसाठी काय घेऊ’ म्हणालं की मी हातातलं काम बाजूला टाकतो. खरं सांगायचं तर त्या गिऱ्हाइकापेक्षा मला तेव्हा होणारं माझं बोलणं आवडतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक काका आले. बँकेतून निवृत्त, सोबत आठवीतला नातू. हिमाचलात तीर्थन नदीवर जायचं ठरलं होतं. हातात यादी होती, नातवाने व्हिडिओ बघून केलेली. चौदा लूर, म्हणजे गळ लावलेली नकली आमिषं! त्यातला एक वीतभर लांबीचा, खोल बुडी मारणारा. यादी अमेरिकेतल्या कुठल्यातरी तळ्यावरच्या माणसाची असणार हे मला तिसऱ्याच ओळीला कळलं. हल्ली हे फार झालंय. पाणी कुठलं, मासा कुठला, याची चौकशी न करता लोक डबाभर लूर मागवतात, आणि मग एकही चालला नाही की दुकानात येऊन नदीला शिव्या देतात.

मी यादीवर काट मारली आणि पाच स्पिनर काढून काउंटरवर मांडले. स्पिनर म्हणजे तारेभोवती गरगर फिरणारं पत्र्याचं पान आणि मागे गळ. शून्य आणि एक नंबर, वजन दोन ते चार ग्रॅम. रुपेरी पान उन्हाला आणि नितळ पाण्याला, तांबूस पान ढगाळ दिवसाला, काळं तिन्हीसांजेला. लांबट पानाला धार कमी अडते, म्हणून ते वेगाच्या पाण्यातही खाली राहतं. गोल पान जास्त थरथरतं, पण धारेत वर उचललं जातं. नातू मन लावून ऐकत होता, तेव्हा मला आणखी चेव आला. ट्राउट दगडाच्या आडोशाला धारेकडे तोंड करून उभा असतो, खायचं वाहत आपल्याकडे येईल म्हणून. तेव्हा स्पिनर वरच्या अंगाला तिरका टाकायचा आणि पाण्यापेक्षा थोडा वेगाने ओढायचा. पाण्याच्याच वेगाने आला तर पान फिरतच नाही, नुसता पत्रा वाहत येतो. मध्ये स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, हवीच, नाहीतर दोरीला पीळ बसून तिचं जानवं होतं.

प्रत्येक स्पिनरचा तीन तोंडांचा गळ काढून मी एकेरी बसवला आणि टोकामागचा उलटा काटा पक्कडीने चेपून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. लहान मासा सोडायचा तर गळ अलगद सुटला पाहिजे. रॉड हलका, सहा फुटी. दोरी चार पाउंडाची ओढ सोसणारी. इंग्रजांनी काश्मीरहून ट्राउटची अंडी नेऊन 1909 साली कुलू खोऱ्यात महिली इथे ती उबवायची सोय कशी केली, हेही सांगून झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउट धरायला बंदी असते, आता मार्च लागला, म्हणजे अगदी वेळेवर आलात, असंही म्हणालो.

काका पाकीट काढता काढता म्हणाले, “अहो, पण आम्ही लहानपणी मुठेत गांडूळ लावून बसायचो. ट्राउट गांडुळाला येत नाही का?”

येतो. चांगला येतो. पण मी म्हणालो, “काका, गांडूळच लावायचं तर इतक्या लांब कशाला? खडकवासला काय वाईट आहे!”

नातू हसला. मग काकाही हसले. दुकानातला पोऱ्याही हसला.

जूनमध्ये, पहिला पाऊस होऊन गेल्यावर एका मंगळवारी दुपारी, काका एकटेच आले. स्पिनरचा डबा काउंटरवर ठेवला. मला वाटलं, परत करायला आलेत. तसं नव्हतं. त्यांना बोलायचं होतं.

ते मेच्या शेवटी गेले होते. पोरगा आठवीत म्हटल्यावर परीक्षा संपून सुट्टी लागल्याशिवाय जाणार नाहीत, हे समजायला काही मासेमारीचं ज्ञान लागत नाही. मी रॉडची लांबी विचारली, बजेट विचारलं, नातू डावखुरा आहे का तेसुद्धा विचारलं. कधी जाणार, हे विचारलं नाही. सीझन मार्चला उघडतो म्हणजे हे मार्चलाच निघाले, असं मीच धरून चाललो होतो. आणि मेच्या शेवटी वरचं बर्फ वितळतं, नदी चढते. त्यात त्यांना दोन रात्री पाऊस लागला. पाणी राखेसारखं. त्या पाण्यात माझे तीन ग्रॅमचे नाजूक स्पिनर म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये टाचणी पडल्यासारखं. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांनी कमी शोधतो, अंगावरच्या रेषेला पाण्याची थरथर कळते तिच्यावर जास्त विसंबतो. तिथे तीन नंबरचं जड, रुंद, तांबूस पान पाहिजे होतं, मधली धार सोडून काठच्या संथ पाण्यात हळू ओढलेलं. ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. अजून आहे.

किंवा गांडूळ. गढूळ पाण्यात त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

तीन दिवस पोराच्या दोरीला काही लागलं नाही. चौथ्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणच्या एका माणसाने गांडूळ आणि एक मोठा गळ दिला. काठाच्या दगडामागे सोडलं आणि पाच मिनिटांत दोरी हलली. पोराला ओढायचं कधी हे माहीत नव्हतं. स्पिनरला मासा आपटतो आणि ओठात अडकतो. गांडूळ मात्र तो निवांत गिळतो, त्यामुळे पहिल्या हिसक्यालाच उचलायचं असतं. याने वाट पाहिली. मासा वर आला तो वीतभराचाच, अंगावर लाल ठिपके. लहान म्हणून सोडायचा ठरला. गळ पार पोटात गेलेला. काकांनी धरला, पोराने ओढला.

“रक्त बरंच आलं,” काका म्हणाले. “पाण्यात सोडला तर आडवा झाला. पोरगं त्याला सरळ करत बसलं होतं. अर्धा तास.”

मी चहा सांगितला. दुसरं काय करणार!

आमचे वडील संध्याकाळी दुकानात येऊन बसतात. त्यांना सांगितलं, तर वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, “गिऱ्हाइकाने गांडूळ मागितलं आणि तू अक्कल विकलीस.” पोऱ्याचं मत वेगळं. नदीला पाणी चढलं त्याला शेठ काय करणार, म्हणतो. पण नदीचं मला काही वाटत नाही. मार्चमध्ये त्या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिलं असतं, तर दहा नंबरचे बारीक गळ, काटा चेपलेले, आणि शिशाच्या चार गोळ्या पुडीत बांधून दिल्या असत्या. वीस-पंचवीस रुपयांचा माल. बांधता बांधता सांगितलंही असतं, गळ गिळला असेल तर ओढायचं नाही, तोंडापाशी दोरी कापायची आणि मासा सोडून द्यायचा. हे मी गांडूळ नेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. खडकवासल्याला जाणाऱ्यालासुद्धा.

चहा संपल्यावर काका म्हणाले, “नातवाने एक विचारायला सांगितलंय. गळ आत तसाच राहू दिला असता, तर मासा जगला असता का?”

मी म्हणालो, “खात्री नाही देता येत. पण ओढण्यापेक्षा जगायची शक्यता बरीच जास्त. कितीतरी मासे जगतात.”

काकांनी कप बशीत ठेवला. “मग हे त्याला सांगू का नको?”

तेवढ्यात दोघं जण चिलापीचे गळ मागायला आत आले. काका सरकून त्यांना जागा देत म्हणाले, “असू दे, तुम्ही बघा त्यांचं,” आणि छत्री उघडून बाहेर पडले. डबा काउंटरवरच राहिला. मी तो खालच्या फळीवर ठेवलाय. बिजागरीत तीर्थनची वाळू आहे, झाकण उघडलं की करकरते. फोन करून न्यायला बोलवायचंय. पण त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला तर काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.