‘आमच्या वाडीत फ्रॅकिंग नको’

मी जलभंजनाच्या गाडीवर काम करतो. म्हणजे ज्या बोअरचं पाणी आटत आलंय तिच्यात केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागातल्या पाइपच्या) खाली, पक्क्या काळ्या कातळात पॅकर म्हणजे फुगणारा बूच उतरवायचा, तो फुगवून बोअर मधेच घट्ट बंद करायची आणि त्याच्या खाली दाबाने पाणी सोडायचं, की मातीने बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात आणि हापशाला पाणी वाढतं. नवीन बोअर मारण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. 

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवर मे महिन्यात गेलो होतो, टँकरवर चाललेली वाडी. पाइप उतरवतोय तोच एक काका आडवे आले. "भाऊ, हे फ्रॅकिंगच ना? अमेरिकेत ह्याच्यामुळे नळाच्या पाण्याला काडी लावली की पेट घेतं, मोबाईलवर बघितलंय मी. आमच्या वाडीत नको." हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकापण बिथरल्या. आमचा हेल्पर हसला आणि मला त्याचा खरंच राग आला, पिण्याच्या पाण्याबद्दल विचारणाऱ्या माणसाला हसतात का?

मशीन बंद ठेवलं आणि पाखाडीवर बसून सगळं सांगितलं. काका, पाण्याच्या दाबाने दगड फोडायचा ही गोष्ट तीच, पण तिकडे गॅस काढायला दोन-तीन किलोमीटर खाली जातात, तिथून बोअर आडवी वळवतात, एकेका विहिरीला कोट्यवधी लिटर पाणी, त्यात वाळू आणि केमिकल. आमच्याकडे दोनेकशे फूट बोअर आणि टँकरचं साधं पाणी, केमिकल काहीच नाही. तिकडे जे पाणी परत वर येतं ते खारट आणि घाण, ते पुन्हा खोल जमिनीत जिरवतात, त्यानेच ओक्लाहोमात भूकंप वाढले, २०१६ साली पॉनीला ५.८ चा झाला. आणि पेनसिल्व्हेनियात डिमॉक गावात पिण्याच्या विहिरींत गॅस शिरला तो गॅसच्या बोअरच्या केसिंगचं आणि सिमेंटचं काम नीट नसल्यामुळे, असं तिथल्या सरकारी तपासातच आलं.

काका म्हणाले, "मग लोक करू देतात कशाला?" पैसा, दुसरं काय. तिकडे जमिनीखालच्या गॅसचा हक्क बऱ्याचदा जमीनमालकाचा असतो, त्यामुळे एकाच्या घरी रॉयल्टीचा चेक येतो आणि शेजाऱ्याची विहीर बिघडते. गॅस स्वस्त झाला, कोळशाची वीज कमी झाली, हा फायदापण खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. तोच गॅस थंड करून बोटीने मार्च २०१८ मध्ये आपल्या दाभोळ टर्मिनलला उतरला, लुइझियानातून. हे ऐकून काका गप्पच झाले, टर्मिनल त्यांच्या घराच्या मागच्या सड्यावरून दिसतं.

शेवटी परवानगी दिली, पण अट घातली, आधी आणि नंतरचं पाणी बाटलीत भरून तपासायला द्यायचं. अगदी रास्त अट. मग पंप चालू केला, गेजचा काटा चढत चढत एका जागी थरथरला आणि खाडकन खाली आला, म्हणजे भेग उघडली. कंप्रेसरने धुतलं तेव्हा आधी तांबडा गाळ, मग काळी कच, मग पाणी निवळलं. हापशाला आधी धाप लागायची, आता हंडा भरायला लागला.

खरी अडचण नंतर आली. खालच्या वाडीची बोअर खाडीला लागून, तिथलं पाणी क्षार मोजायच्या मीटरवर आधीच मचूळ दाखवत होतं. मी सरळ नाही म्हटलं. भेग कुठल्या बाजूला पळेल ते आपल्या हातात नसतं, खाडीकडे उघडली तर आत खारं पाणी शिरणार, आणि एकदा शिरलं की कितीही पाऊस पडो, वर्षानुवर्षं हटत नाही. लोक चिडले, वरच्या वाडीला केलंत मग आम्हाला का नाही, आणि त्यांचं चिडणं मला समजत होतं कारण त्यांच्याकडे टँकरशिवाय काहीच नव्हतं. तेव्हा काकाच पुढे झाले आणि मी सांगितलेलं सगळं त्यांनी त्यांच्या बोलीत समजावलं, माझ्यापेक्षा चांगलं.

खालच्या वाडीसाठी वरच्या बाजूला पऱ्यावर बंधारा आणि जुन्या विहिरीतला गाळ काढायचा असं मी रिपोर्टात लिहिलंय. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो इथे, तो अडवला नाही तर कुठल्याही भेगेत पाणी येणार कुठून. आधी-नंतरच्या बाटल्या आता मी न मागताच प्रत्येक गावात भरून देतो.