आमची वाटचाल : सड्यावरचा फणस

आण्णांनी वखार सुरू केली तेव्हा एक मोठी करवत आणि ती ओढणारी दोन माणसं, एवढाच पसारा होता. पुढं बँडसॉ आला, जागा वाढली. ते सगळ्यांच्याच वाटचालीत असतं.

आम्हाला लाकूड कळलं ते २०२१ नंतर. त्या मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं आणि पडलेले फणस स्वस्तात मिळू लागले. मालवणकडच्या सड्यावरचे, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचे, दोन ट्रक मी गगनबावड्यावरून कोल्हापुरात आणले. जन्मभर समुद्राचा वारा खाल्लेलं झाड, म्हणजे लाकूड कडकच असणार, असा माझा हिशेब.

पहिला ओंडका चढवतानाच मिस्त्री म्हणाले, "मालक, ह्यो एका अंगानं वाढलाय. गाभा मधी न्हाई बघा." मी ऐकलं नाही. फळी बाहेर आली ती अंगावर लोकर फुटल्यासारखी. रंधा मारला तरी तंतू बसेनात. त्यात सुकवायचीही घाई केली. सात फुटी चौकटी उन्हाळ्यापर्यंत धनुष्य झाल्या. सगळ्या परत घेतल्या, पैसे दिले.

मग वाचत बसलो. पश्चिमेच्या वाऱ्यानं कललेला फणस किंवा आंबा वाऱ्याकडच्या अंगाला वेगळंच लाकूड घालतो, खोड मागं ओढून धरायला. बहुतेकदा तेच अंग जास्त वाढतं, म्हणून गाभा मधे राहत नाही. (चीड-देवदाराचं उलटं, ती कललेल्या बाजूनं टेकू देतात.) साधं लाकूड सुकताना लांबीत ०.१-०.२ टक्के आटतं, हे ताणाचं लाकूड १ टक्क्यापर्यंतही. सात फुटांत पाऊण इंचाच्या वर! फळीची एक कड आटली, दुसरी नाही, की बाक आलाच.

झाड वाऱ्यात टिकतं ते बुंधा जाड करून, उंची आखडून आणि मुळं घट्ट रोवून. त्याची फळी खोऱ्यातल्या झाडापेक्षा भक्कम असेलच असं नाही. उलट वादळात फार वाकलेल्या खोडात आतले तंतू चेपतात. रंधल्यावर केसाएवढी आडवी रेघ दिसते आणि लाकूड तिथंच मोडतं. असा तुकडा आम्ही हत्याराच्या दांड्याला देत नाही, सरळ जळणात टाकतो.

आता चौकटीला खोऱ्यातला सरळ फणसच घेतो. सड्यावरच्या मालाचे पाट आणि खुंट्या, आखूड कामं. भाव कमी सांगितला की बागवाले चिडतात, "एवढ्या वादळात उभं राहिलं की हो!" मी वाद घालत नाही. कापलेल्या बुंध्यावर टेप धरतो आणि गाभ्यापासून दोन्हीकडचं अंतर त्यांनाच वाचायला लावतो.